मागे राहिलेला गुदाशय : ठेवावा की काढावा?

गेल्या चैत्रात माझ्या डॉक्टरांनी मला एक प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी दिवाळीपर्यंतची मुदत दिली. "गुरुजी, आत राहिलेला तो तुकडा ठेवायचा की काढायचा?"

तो तुकडा म्हणजे माझा गुदाशय. चार वर्षांपूर्वी माझे मोठे आतडे काढून टाकावे लागले. लहान आतड्याचे टोक पोटाच्या उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली, बाहेर आणून शिवले. या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवायची, भरली की रिकामी करायची, तीन-चार दिवसांनी बदलायची. मळाची वाट अशी बदलली. पण जुन्या वाटेचा शेवटचा १२ ते १५ सेंटिमीटरांचा भाग, म्हणजे गुदाशय, आणि त्याखालचे गुदद्वार डॉक्टरांनी जागेवरच ठेवले होते. वरचे टोक टाके घालून बंद केले होते. भात कापल्यावर खाचरात धसकट राहते, तसा तो राहिला. डॉक्टर त्याला 'स्टंप' म्हणतात. मी घरी 'खुंट' म्हणतो.

मी गुंजवण्याचा. राजगडाच्या पायथ्याचे हे गाव. शनिवार-रविवारी चोरदरवाज्याच्या वाटेने गड चढणारी पुण्या-मुंबईची मुले आमच्या ओट्यावरून जातात, पाणी मागतात. मी प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालो. वैद्यक हा माझा विषय नाही. पण ज्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या देहावर लिहायचे आहे, त्याचा अभ्यास दुसऱ्यावर सोपवता येत नाही. सहा महिने मिळेल ते वाचले, डॉक्टरांना आणि स्टोमा सिस्टरना विचारले, माझ्यासारख्या माणसांशी बोललो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो आहे. पोटावर पिशवी येणे हा पहिला निर्णय. तो बहुधा घाईत, कधी बेशुद्धीतच होतो. हा दुसरा निर्णय शुद्धीवर असताना घ्यायचा असतो. अवघड आहे ते हेच.

शब्दांपासून अडचण

पहिली अडचण भाषेची. या अवयवाबद्दल बोलायला आपल्याकडे शब्द नाहीत असे नाही. ते तोंडातून निघत नाहीत. परसाकडे जाणे, झाड्याला जाणे, बाहेर जाऊन येणे, बसायची जागा : सगळे शब्द अवयवाला वळसा घालून जातात. रुग्णालयातल्या कागदांवर कुठे 'गुदाशय' असते, कुठे 'मलाशय'. दोन्ही एकच. त्याच्या खालची, आवळून धरणारी तीन-चार सेंटिमीटरांची नळी वेगळी. तिचे बाहेरचे तोंड म्हणजे गुदद्वार. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण गुदाशय काढूनही गुदद्वार ठेवता येते. कोणती शस्त्रक्रिया होणार हे त्यावरच ठरते. मला हा फरक कळायला दोन भेटी लागल्या, कारण पहिल्या भेटीत लाजेने मी विचारलेच नाही.

आपले पूर्वज एवढे लाजरे नव्हते. सुश्रुतसंहितेत गुदाची लांबी साडेचार अंगुळे दिली आहे आणि त्यात तीन वळी सांगितल्या आहेत : ढकलणारी प्रवाहणी, सोडणारी विसर्जनी आणि मिटणारी संवरणी. शिवाय गुदाची गणना सद्यःप्राणहर मर्मांत केली आहे. म्हणजे तिथे घाव बसला तर माणूस तत्काळ जातो. रक्तवाहिन्यांचे आणि नसांचे तिथले जाळे पाहिले की ही भीती निराधार नव्हती हे पटते. आजचा सर्जनही तिथे हात घालताना जपूनच घालतो.

मागे ठेवतात ते कशासाठी?

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस होऊन २५ वर्षे झाली. या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येते, व्रण पडतात, रक्त जाते. त्याची सुरुवात सहसा गुदाशयातच होते आणि सूज तिथून वर चढते. म्हणजे माझ्या शरीरात जो भाग शिल्लक आहे, तोच आजाराचे मूळ गाव.

मग तोच का ठेवला? कारण चार वर्षांपूर्वी मी रुग्णालयात गेलो तेव्हा दिवसाला वीसेक वेळा रक्त पडत होते, अंगात ताप होता, स्टिरॉइडची मोठी मात्रा सुरू होती आणि वजन ४१ किलोंवर आले होते. अशा रोग्याच्या ओटीपोटात खोल उतरून गुदाशय सोडवायचा म्हणजे रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि नसांना इजा या तिन्हींना बोलावणे. म्हणून जीव वाचवण्यापुरते करतात : मोठे आतडे काढायचे, स्टोमा करायचा आणि गुदाशयाचा प्रश्न रोगी सावरल्यावर पाहायचा. दुसरे कारण भविष्याचे. गुदद्वाराचे स्नायू शाबूत असतील तर पुढे लहान आतड्याचीच पिशवी आत शिवून ती गुदद्वाराला जोडता येते. पार्क्स आणि निकोल्स या लंडनच्या दोन सर्जननी १९७८ साली ही पद्धत मांडली. तीत गुदाशय निघतो, पण बाहेरची पिशवी सुटते.

या दोन टोकांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९०८ साली अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जननी गुदाशयाच्या कर्करोगासाठी गुदाशय आणि गुदद्वार दोन्ही मुळापासून काढण्याची शस्त्रक्रिया मांडली. तिच्यात मागे काही उरत नाही, म्हणून पुढचा प्रश्नही उरत नाही. १९२१ साली फ्रान्सच्या आंरी हार्टमान यांनी दुसरी वाट दाखवली : रोगट भाग काढा, वरचे टोक पोटावर आणा, खालचा गुदाशय बंद करून आत राहू द्या. तेव्हाच्या काळात तळाशी कमी हात घालणे म्हणजे कमी मृत्यू. आजही आतडे फुटले, अपघातात फाटले, की हार्टमान यांचीच वाट धरतात. खुंट घेऊन जगणारी माणसे त्यामुळे थोडी नाहीत. बोलणारी थोडी आहेत.

काम सुटलेला अवयव

शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने, आता मोठे आतडेच नाही या समजुतीत मी असताना, एका पहाटे मला जुन्यासारखी कळ आली. परसाकडेला बसलो तर पांढरट, चिकट, डिंकासारखे काहीतरी पडले. मी घाबरलो. सिस्टरना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा गुदाशय जिवंत आहे. त्याला कोणी सांगितलं नाही की मळ आता येणार नाही म्हणून."

गुदाशयाचे अस्तर मळ सरकावा म्हणून चिकट स्राव करते. मळ आला नाही तरी स्राव थांबत नाही. तो साचतो, कधी वाळून गोळा होतो, आणि कळ येते. हे आजाराचे लक्षण नाही. खुंट असलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रियेआधीच हे सांगितले पाहिजे.

दुसरी गोष्ट मात्र आजाराची आहे. आपल्या बहुतेक अवयवांना अन्न रक्तातून मिळते. मोठ्या आतड्याच्या अस्तराची रीत निराळी : त्याचे बरेचसे पोषण मळातूनच होते. तिथले जिवाणू भाजीपाल्याचा, धान्याचा चोथा आंबवतात आणि त्यातून काही लहान आम्ले तयार होतात. त्यांतले ब्युटिरेट हे अस्तराच्या पेशींचे मुख्य इंधन. मळाची वाट वळवली की हे इंधन बंद होते. उपाशी अस्तर सुजते, रक्त आणि शेंब जाऊ लागते. या प्रकाराला 'डायव्हर्जन कोलायटिस' म्हणतात. १९८१ साली त्याला हे नाव मिळाले. दुर्बिणीतून पाहिले तर खुंट असलेल्या बहुतेकांत थोडी सूज दिसते, त्रास मात्र सगळ्यांना होत नाही. औषधी एनिमाने आराम पडतो. वाट पुन्हा जोडली तर सूज आपोआप जाते. माझ्यासारख्याच्या खुंटात मूळ आजाराची सूज कोणती आणि उपासमारीची कोणती, हे डॉक्टरांनाही वेगळे काढणे कठीण जाते.

बाकावरचे तिघे

या प्रश्नाला एकच उत्तर का नाही, हे मला पुस्तकाआधी रुग्णालयाच्या बाकावर समजले. पुण्यात स्टोमा तपासणीच्या दिवशी आम्ही तिघे शेजारी बसलो होतो. तिघांच्या पोटावर पिशवी, तिघांच्या आत खुंट.

पहिला ट्रॅक्टर उलटून आतडे फाटलेला तरुण. त्याचा गुदाशय निरोगी होता, फक्त बंद होता. त्याला काढण्याचा प्रश्नच नव्हता; काही महिन्यांनी वाट पुन्हा जोडायची होती. अशा माणसाचे जोडणे काही कारणाने राहून गेले, तरी निरोगी खुंट बहुधा वर्षानुवर्षे त्रास न देता राहू शकतो. तरी तो विसरायचा नसतो. रक्त दिसले तर दाखवायचे, आणि वयानुसार आतड्याची जी तपासणी इतरांची होते ती त्याचीही व्हायला हवी.

दुसरी विशीतली, माझ्याच आजाराची. तिचा हिशेब वेगळा. गर्भाशय, बीजनलिका आणि गुदाशय एकमेकांना खेटून असतात. गुदाशय काढल्यावर आत जे व्रण भरतात, त्यांत बीजनलिका चिकटू शकतात. आतली पिशवी जोडण्याची शस्त्रक्रिया पोट उघडून केली, तर त्यानंतर मूल न होण्याचे प्रमाण सुमारे तिप्पट होते, असे अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात दिसले आहे. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ते कमी असावे असा कल आहे. त्या मुलीने डॉक्टरांशी बोलून ठरवले होते : आधी मूल, तोवर खुंट ठेवायचा आणि दर वर्षी तपासायचा. तिची सासू शेजारी बसून म्हणत होती, "एकदाचं काढून टाका, कटकट नको." मुलीने शांतपणे सांगितले, "आई, कटकट मला आहे, मी सांभाळते."

तिसरा मी.

क्रोन्स नावाच्या आजाराचे रोगीही याच रांगेत असतात. त्यांचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. गुदद्वाराभोवती भगंदर झालेले असते, म्हणून खुंट त्रास देतो. आणि त्याच भगंदरामुळे तो काढल्यावरची जखमही लवकर भरत नाही. आपल्याकडे आतड्याचा क्षय आणि क्रोन्स यांची लक्षणे इतकी सारखी असतात की रोगाच्या नावातच गल्लत होऊ शकते. म्हणून काढण्याआधी पहिला सवाल हाच : माझा आजार नक्की कोणता?

काढण्याची किंमत

डॉक्टरांनी मला एका कागदावर सगळे उतरवून दिले होते. तो कागद मी महिनाभर घडी घालून खिशात ठेवला.

कागदावर पहिली होती जखम. गुदद्वारासह काढले तर बसायची जागा शिवून बंद करतात. माझ्यासारख्या, कर्करोग नसलेल्या रोग्यात गुदद्वाराचा बाहेरचा स्नायू ठेवून आतली नळीच सोलून काढता येते. त्यामुळे जखम लहान राहते. तरी ती भरायला आठवडे लागतात, काहींना महिने लागतात, आणि क्वचित एखादे छिद्र झिरपतच राहते. तोवर कडक जागेवर फार वेळ बसायचे नाही, वजन उचलायचे नाही. ज्याचे जेवण मांडी घालून होते आणि ज्याचा प्रवास एस.टी.ने होतो, त्याने हा हिशेब आधीच मांडलेला बरा.

दुसरी गोष्ट विचित्र वाटेल. अवयव जातो, पण कळ कधी कधी राहते. पाय कापलेल्या माणसाला नसलेला अंगठा खाजतो, तशी काहींना नसलेल्या गुदाशयाची कळ येत राहते. कळीला कंटाळून जो काढायला निघाला आहे, त्याने हे ऐकून ठेवावे.

तिसरी गोष्ट कायमची : गुदद्वार गेले की आतली पिशवी जोडण्याचा मार्ग बंद. मी त्या पिशवीचा विचार केला होता. ती चांगली चालली तरी दिवसातून पाच ते आठ वेळा जावे लागते, आणि ती केलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना पुढे कधीतरी तिच्यात सूज येते. पंचविशीत मी ती मागितली असती. साठीला टेकल्यावर, पोटावरची पिशवी चार वर्षे सांभाळल्यावर, मला तिचा मोह राहिला नाही. पण मोह नसणे आणि दार कायमचे बंद करणे यांत अंतर आहे. ते कापायला मला बराच वेळ लागला.

सगळ्यांत खाली लिहिले होते ते मी वाचत नव्हतो. ते पत्नीने वाचले. एका रात्री दिवा मालवल्यावर म्हणाली, "अहो, कागदावर शेवटी लिहिलंय त्यावर तुम्ही बोलतच नाही." गुदाशयाच्या दोन्ही बाजूंनी मूत्राशयाला आणि जननेंद्रियाला जाणाऱ्या नसा उतरतात. त्यांना धक्का लागला तर लघवी तुंबू शकते. पुरुषाला ताठरता येत नाही किंवा वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाते. स्त्रीला संबंधाच्या वेळी दुखते किंवा कोरडेपणा येतो. कर्करोगासाठी भोवतालच्या मेदासकट काढावे लागते, तेव्हा हा धोका जास्त. माझ्यासारख्यात सर्जन गुदाशयाच्या भिंतीला चिकटून काम करू शकतो. मग तो बराच कमी होतो, शून्य होत नाही. वय वाढेल तसा वाढतो. हे सगळे मी तिला अंधारात सांगितले. ती म्हणाली, "मग ते मला विचारून ठरवायचं, तुमच्या एकट्याचं नाही." लग्नाला ३३ वर्षे झाल्यावर आम्ही या विषयावर पहिल्यांदा शब्दांत बोललो.

ठेवण्याची किंमत

इतके वाचल्यावर कोणीही म्हणेल, मग ठेवावाच. मीही तेच म्हणत होतो. माझी चूक एका समजुतीत होती : काढणे म्हणजे काहीतरी करणे आणि ठेवणे म्हणजे काही न करणे.

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सुजलेल्या अस्तरात कर्करोगाचा धोका आजाराला आठ-दहा वर्षे झाल्यावर वाढू लागतो. मोठे आतडे गेल्यावर तो बराच उतरतो, पण खुंटात थोडा शिल्लक राहतो. अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आकडा शंभर खुंटांत सुमारे दोन असा आहे. आजार जितका जुना, सूज जितकी सततची, तितके पारडे जड. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग असेल, यकृताच्या पित्तनलिकांचा एक विशिष्ट आजार सोबत असेल किंवा आधीच्या तपासणीत पेशींची ठेवण बिघडलेली दिसली असेल, तर आणखी जड. शंभरांत दोन हा आकडा भिववणारा नाही. पण खुंटातला कर्करोग लपून वाढतो. मळाची वाट तिथून नसल्यामुळे 'सवय बदलली' ही खूण मिळत नाही. थोडे रक्त, थोडी शेंब तर नेहमीचीच. म्हणून ठेवणाऱ्याने वर्षा-दोन वर्षांनी दुर्बिणीने आत पाहून घ्यायचे, तुकडे तपासायला द्यायचे, आणि हे जन्मभर करायचे. ठेवणे हा असा करार आहे. जो तपासणीला जाणारच नाही, त्याने 'ठेवला' असे म्हणू नये. त्याने तो विसरला.

मी करार पाळला. पहिल्या तपासणीत तुकडे स्वच्छ आले, दुसऱ्यातही. तिसऱ्या वेळी, गेल्या फाल्गुनात, दुर्बीण सहा सेंटिमीटरांपुढे गेली नाही. न वापरलेली वाट बुजते तसा गुदाशय आकसला होता. दिसला तेवढ्या भागाचे तुकडे पुन्हा स्वच्छच आले. वरचे अर्धे कोणी पाहिले नाही. एम.आर.आय. झाला, गाठ दिसली नाही. पण पेशींची बिघडू लागलेली ठेवण एम.आर.आय.ला दिसत नाही. भूल देऊन वाट रुंद करता येते, पण ती पुन्हा आकसण्याची शक्यता मोठी. शिवाय या आजारात आलेले आकुंचन हेच संशयास्पद मानतात. चैत्रातला प्रश्न इथून आला होता.

माझा हिशेब

सिस्टरनी मला एक वही करायला सांगितली होती. तिच्यात मी चार प्रश्न लिहिले. ते दुसऱ्या कोणालाही उपयोगी पडावेत. स्टोमा कोणत्या आजारामुळे आला? खुंट रोज किती त्रास देतो? तो पुढे कशासाठी हवा आहे, मुलासाठी, आतल्या पिशवीसाठी की फक्त मनाच्या समाधानासाठी? आणि त्याच्यावर नजर ठेवता येते का?

पहिल्या तीन प्रश्नांवर मी चार महिने इकडून तिकडे गेलो. त्रास होता, पण सोसण्याजोगा. पिशवी नको होती, पण दार उघडे असलेले बरे वाटत होते. बाकावरच्या त्या मुलीचा निर्णय मला सारखा आठवे. मग लक्षात आले की तिचे ठेवणे चौथ्या प्रश्नावर उभे होते. तिचा खुंट दिसत होता. माझा दिसत नाही. ज्या करारावर मी ठेवला होता, तो पाळणे आता माझ्या हातात राहिलेले नाही.

माझ्यासारख्याच माणसांचा या काळात आधार झाला. मुंबईत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. स्वतः स्टोमा असलेली माणसे तिथे नव्यांना भेटतात. स्टोमा असलेल्यांनी एकमेकांना सांभाळण्याची ही रीत जुनी आहे. अमेरिकेत नॉर्मा गिल या रुग्ण बाईंनाच डॉ. टर्नबुल यांनी १९५८ साली क्लीव्हलँडच्या रुग्णालयात इतरांना शिकवायला नेमले, आणि स्टोमा सिस्टर हा पेशा त्यातून उभा राहिला. गुदाशय काढून सात वर्षे झालेल्या एका गृहस्थांशी मी फोनवर तासभर बोललो. मी शेवटी अडखळत विचारले, "बसायला त्रास होतो का?" ते म्हणाले, "अहो, आत्ताही बसूनच बोलतोय." जखम भरायला त्यांना पाच महिने लागले होते. तेही त्यांनी लपवले नाही.

भाद्रपदात मी आणि पत्नी डॉक्टरांकडे गेलो. मी म्हणालो, "काढा." तिने नसांबद्दल तिचे प्रश्न विचारले, डॉक्टरांनी चित्र काढून उत्तरे दिली आणि खात्री मात्र दिली नाही. ते मला आवडले. दुर्बिणीतून करायचे, बाहेरचा स्नायू ठेवायचा, भिंतीला धरून राहायचे, असे ठरले. काढलेला भाग पूर्ण तपासल्यावरच वरच्या अर्ध्यात काय होते ते कळेल.

तारीख मार्गशीर्षातली आहे. तोवर भात कापून, झोडून घरात येईल. पुढचे तीन महिने मला पोते उचलायचे नाही, म्हणून भाचा या वर्षी आधीच आला आहे. ओट्यावर जाड गादी घालून ठेवली आहे. गड चढणारी मुले पाणी मागायला येतील, तेव्हा काही दिवस मी उठून देणार नाही. हंडा बाहेर ठेवलेला असेल, त्यांनी घ्यावे.